उबेचा हिशेब : बेंजामिन फ्रँकलिन

अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवर एका टक्कल पडलेल्या, मानेपर्यंत केस रुळणाऱ्या वृद्ध गृहस्थाचे चित्र असते. हा गृहस्थ अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कधीच नव्हता. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता. तो धंद्याने मुद्रक होता. बेंजामिन फ्रँकलिन हे त्याचे नाव. शाळेत असताना मराठीच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकांतून आपल्याला तो भेटतो तो पतंग उडवणारा शास्त्रज्ञ म्हणून. विजा कडाडत असताना पतंग उडवणारा हा धाडसी माणूस आपल्या लक्षात राहतो, आणि बाकीचा फ्रँकलिन आपण विसरून जातो.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. जमाखर्च, भागीदारी, चक्रवाढ व्याज, एकाधिकार हे माझे रोजचे विषय. त्यामुळे कॉलेजच्या ग्रंथालयात बसून फ्रँकलिनविषयी वाचू लागले तेव्हा माझे मन पतंगापाशी रेंगाळले नाही. ते रेंगाळले एका लोखंडी आगटीपाशी. थंडीच्या दिवसांत घरातली ऊब धुराड्यातून वाया जाऊ नये, ती खोलीभर सारखी पसरावी, म्हणून त्याने ती तयार केली होती. या एका वस्तूत त्याची बुद्धी, त्याचा व्यापार, त्याचे औदार्य आणि त्याची अपुरेपणाची बाजूही मला दिसली. म्हणून त्याची जीवनकथा मी त्या आगटीच्या बाजूने सांगणार आहे.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे झाला. वडील जोसाया इंग्लंडमधून १६८३ च्या सुमारास तिथे आले होते. चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण बनवणे हा त्यांचा व्यवसाय. दोन बायकांपासून त्यांना सतरा मुले झाली, त्यांतला बेंजामिन हा पंधरावा, आणि मुलग्यांत सर्वांत धाकटा. एवढ्या मोठ्या कुटुंबात शिक्षणाला पैसा कुठून येणार? दोनच वर्षे शाळा झाली आणि दहाव्या वर्षी मुलगा वडिलांच्या दुकानात वाती कापायला बसला. उजेड आणि उष्णता विकणाऱ्या घरातच तो वाढला असे म्हटले तरी चालेल.

मेणबत्त्यांचा वास त्याला मानवला नाही. बाराव्या वर्षी त्याला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवारीवर ठेवण्यात आले. खिळे जुळवता जुळवता तो वाचायला शिकला, म्हणजे खऱ्या अर्थाने शिकला. जेवणाचे पैसे वाचवून पुस्तके घ्यायची, रात्री वाचून सकाळी परत करायची, असा त्याचा क्रम होता. सोळाव्या वर्षी त्याने एका विधवा बाईच्या नावाने चौदा पत्रे लिहून गुपचूप भावाच्या वर्तमानपत्रात छापून आणली. लोकांना ती आवडली. भावाला खरे कळले तेव्हा मात्र तो रागावला. मार आणि बोलणी यांना कंटाळून १७२३ मध्ये, सतराव्या वर्षी, फ्रँकलिन घरातून पळाला आणि फिलाडेल्फिया शहरात येऊन पोहोचला. खिशात जेमतेम काही नाणी, ओळखीचे कोणी नाही.

पुढची काही वर्षे चढउतारांची गेली. लंडनला जाऊन दोन वर्षे छापखान्यात काम केले, परत आला, १७२८ मध्ये एका मित्राच्या भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला. भागीदार व्यसनी निघाला, त्याच्या वडिलांकडून येणारे भांडवल आले नाही, आणि सावकाराने दावा लावला. धंदा बसणार अशी वेळ आली. त्या वेळी विल्यम कोलमन आणि रॉबर्ट ग्रेस हे दोन मित्र एकमेकांना न सांगता वेगवेगळे त्याच्याकडे आले आणि लागेल तेवढी रक्कम देऊ केली. फ्रँकलिनने दोघांकडून निम्मी निम्मी घेतली, म्हणजे कोणाचेच मन दुखावले नाही. रॉबर्ट ग्रेस हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा येणार आहे.

यानंतर धंदा वाढला. १७२९ मध्ये त्याने ‘पेनसिल्व्हानिया गॅझेट’ हे वर्तमानपत्र विकत घेतले. त्याच वर्षी कागदी चलनाची गरज सांगणारी पुस्तिका लिहिली, आणि पुढे नोटा छापण्याचे कामही त्याच्याकडे आले. १७३२ च्या अखेरीपासून तो ‘पुअर रिचर्ड’ नावाचे पंचांग काढू लागला. आपल्याकडे घराघरांत भिंतीवर दिनदर्शिका असते तसे ते पंचांग तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरी असे. तिथीवारांच्या मोकळ्या जागेत तो काटकसर आणि उद्योग शिकवणारी बोधवचने भरी. १७३७ मध्ये तो फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर झाला. पण तो नुसता पैसा मिळवत बसला नाही. मित्रांचे एक चर्चामंडळ त्याने १७२७ मध्येच स्थापन केले होते. त्यातूनच १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारे ग्रंथालय निघाले, १७३६ मध्ये आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक निघाले. चार माणसांनी थोडे थोडे घातले तर एकट्याला न परवडणारी गोष्ट सर्वांना मिळते, हे सहकाराचे तत्त्व त्याने फार लवकर ओळखले होते.

आता आगटीकडे वळू. आपल्या भागात थंडी पडली तरी स्वेटर-शाल पुरते. चूल म्हणा की कन्नड घरातली ओले म्हणा, ती आपण पेटवतो स्वयंपाकासाठी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी. फिलाडेल्फियाचा हिवाळा तसा नाही. तिथे बर्फ पडते, आणि घरात विस्तव नसेल तर माणूस आजारी पडतो. त्या काळी प्रत्येक घरात भिंतीतच मोठी आगटी बांधलेली असे आणि तिच्यावर रुंद धुराडे. लाकडे ढणढणा जळत, पण उष्णतेचा बहुतेक भाग धुराबरोबर वर निघून जाई. एवढ्यावरच भागत नसे. धुराड्यातून हवा वर गेली की तिची जागा भरायला दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत ओढली जाई. म्हणजे जितका जाळ मोठा, तितका गार वारा अधिक! आगटीसमोर बसणाऱ्याचे तोंड भाजे आणि पाठ गोठे. खोलीच्या कोपऱ्यात बसून शिवणटिपण करणाऱ्या बायकांना तर ऊब पोहोचतच नसे. याच गार झोतांमुळे त्यांना सर्दीपडसे होते असे फ्रँकलिनला वाटे.

दुसरी अडचण लाकडाची होती. शंभर वर्षांपूर्वी जे सरपण प्रत्येकाच्या दारात मिळत होते ते आता काही गावांना जवळपास शंभर मैलांवरून आणावे लागते, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. गरीब घराच्या खर्चात सरपण हा मोठा आकडा झाला होता. आजच्या भाषेत आपण याला इंधनटंचाई म्हणू. जळण कमी लागेल अशी आगटी निघाली तर जितके लाकूड तोडले जाईल तितके जंगल पुन्हा वाढेल, अशीही आशा त्याने व्यक्त केली होती. तीनशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात हा विचार यावा याचे मला नवल वाटते.

१७४२ च्या सुमारास त्याने आपली युक्ती सिद्ध केली. त्याने बिडाच्या ओतीव पट्ट्यांची एक पेटी बनवली. ती जुन्या आगटीच्या आतच बसवायची होती, त्यामुळे घर पाडायला नको की नवे धुराडे बांधायला नको. पेटीचे तोंड खोलीकडे उघडे, म्हणजे जाळ दिसतो. आत जाळाच्या मागे एक पोकळ लोखंडी कप्पा उभा केलेला. धूर सरळ वर न जाता आधी या कप्प्याच्या डोक्यावरून जातो, मग त्याच्या मागच्या बाजूने खाली उतरतो आणि तळाशी असलेल्या वाटेने धुराड्यात शिरतो. एवढा वळसा घेईपर्यंत तो आपली बरीच उष्णता लोखंडाला देऊन टाकतो.

खरी गंमत त्या पोकळ कप्प्याच्या पोटात आहे. जमिनीखालून एक वाट काढून बाहेरची ताजी हवा त्या कप्प्यात तळातून सोडलेली असे. आत आडवे पडदे होते, त्यामुळे हवेला नागमोडी जावे लागे. जाता जाता ती तापे, हलकी होऊन वर चढे आणि कप्प्याच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतून खोलीत येई. धूर आणि हवा यांची कुठेही भेट नाही, मध्ये लोखंडाची भिंत. गरम हवा खोलीत येत राहिल्याने फटींतून गार हवा ओढली जाण्याचे कारणच कमी होई. आता आगटीला चिकटून बसायला नको. खोलीत कुठेही बसा, ऊब सारखी.

ज्यांनी आजोळी तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. बंबाच्या मध्यातून नळी गेलेली असते, नळीत विस्तव आणि धूर, सभोवती पाणी. दोघांची भेट होत नाही, पण पाणी तापते. वरून गार पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि कढत पाणी तोटीतून बाहेर पडते. फ्रँकलिनच्या आगटीत पाण्याच्या जागी हवा आहे आणि ओतणाऱ्या हाताच्या जागी हवेचा स्वतःचाच स्वभाव आहे. कारण गरम हवा हलकी होऊन वर चढते, तिला कोणी ढकलावे लागत नाही. ही कल्पना सर्वस्वी त्याची एकट्याची नव्हती. निकोला गोझे नावाच्या फ्रेंच लेखकाने १७१३ मध्ये अशा पोकळ भिंतींच्या आगटीविषयी पुस्तक लिहिले होते, आणि फ्रँकलिनने त्याचा उल्लेख उघडपणे केला आहे. गोझेची रचना खर्चिक होती. साध्या घराला बसेल अशी ती करणे हे फ्रँकलिनचे काम.

१७४४ मध्ये त्याने या आगटीची माहितीपुस्तिका स्वतःच्याच छापखान्यात छापली. पुस्तिकेत शास्त्र आहे, आकृती आहे, गवंड्याने ती कशी बसवावी याच्या सूचना आहेत, आणि लोकांच्या शंकांना उत्तरेही आहेत. आपल्या घरातली बैठकीची खोली पूर्वीच्या चौथाई लाकडात दुप्पट उबदार राहते, असा त्याचा अनुभव त्यात दिला आहे. जाहिरातशास्त्राच्या तासाला ही पुस्तिका नमुना म्हणून लावावी असे मला वाटले. तिच्यात वस्तूची स्तुती कमी आणि ग्राहकाच्या अडचणीची जाण जास्त आहे.

यानंतर जे घडले ते वाणिज्याच्या विद्यार्थ्याने थांबून वाचावे असे आहे. पेनसिल्व्हानियाचे गव्हर्नर जॉर्ज थॉमस यांना पुस्तिका इतकी पसंत पडली की त्यांनी फ्रँकलिनला काही वर्षांसाठी ही आगटी विकण्याचा एकाधिकार, म्हणजे पेटंट, देऊ केले. फ्रँकलिनने ते नाकारले. त्याचे म्हणणे साधे होते. दुसऱ्यांनी लावलेल्या शोधांचा लाभ आपण फुकट घेतो, तर आपल्या शोधाचा लाभ दुसऱ्यांना मोकळ्या मनाने आणि आनंदाने द्यावा.

आगटीचा नमुना मात्र त्याने आधीच एका माणसाला भेट म्हणून दिला होता. तो माणूस रॉबर्ट ग्रेस. अडचणीच्या दिवसांत न मागता पैसे देणारा तोच मित्र! ग्रेसकडे लोखंड ओतण्याची भट्टी होती. या आगटीच्या पट्ट्या तिथे ओतल्या जाऊ लागल्या आणि त्यांना मागणी आल्यावर ग्रेसला चांगला फायदा झाला. ग्रेसने दिलेले कर्ज वह्यांत केव्हाच फिटले होते. वहीत न लिहिलेले कर्ज फ्रँकलिनने असे फेडले.

इकडे लंडनच्या एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने पुस्तिका वाचली, रचनेत किरकोळ फेरफार केले (फ्रँकलिनच्या मते त्याने ती बिघडवलीच), आणि स्वतःच्या नावे पेटंट घेऊन बरीच माया जमवली. फ्रँकलिनने त्याच्याशी भांडण केले नाही. पेटंटवरून वाद घालणे त्याला आवडत नसे. इथे आमच्या वर्गात दोन तट पडतील हे मला माहीत आहे. एक म्हणेल, हक्क सोडला म्हणूनच चोराचे फावले. दुसरा म्हणेल, माणूस मोठा मनाचा. मला दोन्ही पुरते पटत नाही. फ्रँकलिनला छापखान्याचे, पंचांगाचे, वर्तमानपत्राचे उत्पन्न होते, म्हणून हे औदार्य त्याला परवडले, हे खरे. पण परवडत असूनही न देणारेच जगात अधिक असतात, हेही तितकेच खरे आहे.

आता त्या आगटीचा दोषही सांगितला पाहिजे. धुराला खाली उतरायला लावणे हे त्याच्या स्वभावाविरुद्ध होते. लोखंड तापलेले असेपर्यंत ठीक चाले. विस्तव मंद झाला, लोखंड निवले, की ओढ तुटे आणि धूर उलटा खोलीत येई. पट्ट्यांचे सांधे ढिले पडले तरी धूर गळे. पुष्कळांनी ती आगटी पुढे काढून टाकली. पुढे फिलाडेल्फियाच्याच डेव्हिड रिटनहाउस या शास्त्रज्ञाने ती सोपी करून धुराला सरळ वाट दिली, तेव्हा ती नीट चालू लागली. पण लोक तिला फ्रँकलिनची शेगडी म्हणत राहिले. ज्या रूपात ती गाजली ते रूप फ्रँकलिनचे नव्हते, आणि ज्या रूपात ती त्याची होती त्या रूपात ती फारशी टिकली नाही. स्वतः फ्रँकलिननेही विषय सोडला नाही. आपल्या धुराचाच बराचसा भाग जाळून टाकणारी नवी शेगडी त्याने लंडनमध्ये असताना तयार केली. १७८५ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, फ्रान्सहून परतीच्या जहाजावर बसून तो धुरकट धुराड्यांवरच लिहीत होता!

मधल्या चाळीस वर्षांचा इतिहास सर्वांना थोडाफार ठाऊक आहे. १७४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने छापखाना डेव्हिड हॉल या भागीदाराच्या हाती सोपवला आणि अठरा वर्षे निम्मा नफा घेण्याचा करार करून मोकळा झाला. मग विजेचे प्रयोग, विजेपासून घर राखणारा लोखंडी दांडा, रुग्णालय, पुढे विद्यापीठ झालेली अकादमी, आगीचा विमा उतरवणारी संस्था. वसाहतींचा वकील म्हणून बरीच वर्षे लंडनमध्ये मुक्काम. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही. १७७८ मध्ये फ्रान्सशी मैत्रीचा तह, १७८३ मध्ये इंग्लंडशी शांततेचा तह, १७८७ मध्ये राज्यघटनेवर सही.

पण सगळ्या खोलीत ऊब पोहोचवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात ती सगळीकडे पोहोचली नाही. पत्नी डेबोरा समुद्राच्या भीतीने कधी लंडनला गेली नाही. १७६४ मध्ये तो निघाला आणि ती डिसेंबर १७७४ मध्ये वारली. शेवटच्या दहा वर्षांत दोघांची भेट नाही. दुकान, हिशेब, पोस्ट सारे तिने सांभाळले होते. मुलगा विल्यम इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिला, म्हणून बापाने त्याला शेवटपर्यंत मनापासून क्षमा केली नाही.

आणि एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. फ्रँकलिनच्या घरी गुलाम होते. १७५७ मध्ये लंडनला जाताना त्याने पीटर आणि किंग या दोन गुलामांना बरोबर नेले होते. त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या आणि पळालेल्या गुलामांच्या जाहिराती छापून येत, आणि त्यांचे पैसे त्याच्या खात्यात जमा होत. स्वतः मालकाच्या मारामुळे पळून आलेल्या मुलाने त्या छापाव्यात, हे वाचताना मन खिन्न होते. चौथाई लाकडात उबदार राहणाऱ्या त्या खोलीत लाकूड कोण आणून घालत असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

तो बदलला हे मात्र खरे. १७६३ मध्ये निग्रो मुलांची शाळा पाहून आल्यावर त्यांच्या बुद्धीविषयीचे आपले मत बदलल्याचे त्याने लिहून ठेवले. १७८७ मध्ये तो पेनसिल्व्हानियाच्या गुलामगिरीविरोधी मंडळाचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरी संपवावी असा अर्ज त्याच्या सहीने अमेरिकेच्या संसदेपुढे गेला. संसदेने तो बाजूला ठेवला. मरणाच्या काही आठवडे आधी त्याने याच विषयावर एक उपरोधिक लेखही छापून आणला. बदल उशिरा आला, आणि उशीर झालेल्या काळाचे व्याज दुसऱ्यांनी भरले. पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी स्वतःचे मत चुकीचे होते असे कृतीने दाखवणारी माणसेही थोडीच असतात.

१७ एप्रिल १७९० रोजी फिलाडेल्फियात त्याचे निधन झाले. मृत्युपत्रात त्याने बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना एक एक हजार पौंड दिले होते. अट अशी की ही रक्कम पंचवीस वर्षांखालच्या, उमेदवारी पूर्ण केलेल्या विवाहित कारागिरांना पाच टक्के व्याजाने धंद्यासाठी कर्जाऊ द्यावी. शंभर वर्षांनी एका शहराचे सुमारे १,३१,००० पौंड होतील, त्यांतले एक लाख लोकोपयोगी कामांवर खर्च करावे, उरलेले आणखी शंभर वर्षे फिरवावे. मी हा आकडा स्वतः करून पाहिला. हजार पौंड, द.सा.द.शे. पाच, चक्रवाढ, मुदत शंभर वर्षे : उत्तर १,३१,५०१. त्याचा हिशेब बरोबर होता. पण माणसे आकड्यांसारखी वागत नाहीत. कर्जदार कमी मिळाले, काहींनी पैसे बुडवले. १९९० मध्ये दोनशे वर्षांची मुदत संपली तेव्हा प्रत्येकी चाळीस लाख पौंडांहून अधिक व्हायला हवे होते. प्रत्यक्षात बोस्टनच्या निधीत पंचेचाळीस ते पन्नास लाख डॉलर आणि फिलाडेल्फियाच्या निधीत सुमारे वीस लाख डॉलर होते. तरीही बोस्टनला त्या पैशातून तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली, ती आजही चालू आहे.

हे हजार हजार पौंड म्हणजे मला कोलमन आणि ग्रेस यांच्या त्या जुन्या कर्जाचीच दुसरी परतफेड वाटते. तरुण कारागिराला वेळेवर मिळालेले थोडे भांडवल काय करू शकते, हे त्याने स्वतः अनुभवले होते. पहिली परतफेड आगटीच्या नमुन्याने ग्रेसला केली, दुसरी त्याने कधी न पाहिलेल्या पोरांना.

मित्रहो, आपण वर्षा-दोन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडू. कोणी बँकेत, कोणी दुकानावर, कोणी स्वतःच्या धंद्यात. जे मिळवले ते सारे आपल्याच धुराड्यातून वर सोडायचे, की त्यातले थोडे वळवून खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्यांपर्यंत पोहोचवायचे, हे प्रत्येकाला केव्हा तरी ठरवावे लागेल. फ्रँकलिनला ते पुष्कळदा साधले, काही वेळा मुळीच साधले नाही. कोपऱ्यात कोण बसले आहे हे आधी दिसावे लागते, एवढे त्याच्या आयुष्यावरून मला समजले.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष
(मराठी विभाग)